आर्किटेक्ट म्हणवून घेण्याआधी

इंग्लंडमध्ये घराचा नकाशा कोणीही काढू शकतो. तुम्ही, मी, कोपऱ्यावरचा दुकानदार, कोणीही. तो नकाशा घेऊन कौन्सिलकडे बांधकामाच्या परवानगीचा अर्जही करू शकतो. कायद्याची काही हरकत नाही. मात्र हेच काम करताना दारावरच्या पाटीवर ‘आर्किटेक्ट’ असा शब्द लिहिला आणि नाव अधिकृत नोंदवहीत नसलं, तर तो गुन्हा आहे आणि त्याला दंड आहे. म्हणजे काम मोकळं आणि शब्दाला कुलूप! १९९७च्या कायद्यात या कुलपाला तीन अपवाद दिलेत : जहाजांचे आर्किटेक्ट, लँडस्केप आर्किटेक्ट आणि गोल्फच्या मैदानांचे आर्किटेक्ट.

आम्हा संगणकवाल्यांचा उल्लेख त्या अपवादांत नाही. खरं तर आमच्या क्षेत्रात दगड मारावा तर तो एखाद्या ‘आर्किटेक्ट’ला लागावा, अशी परिस्थिती. सोल्यूशन आर्किटेक्ट, डेटा आर्किटेक्ट, क्लाउड आर्किटेक्ट. माझ्याही हुद्द्यात गेली चार वर्षं तो शब्द आहे. त्यासाठी मी कुठली परीक्षा दिली नाही, कुठली शपथ घेतली नाही. वार्षिक मूल्यमापनानंतर मॅनेजरने एक ईमेल पाठवला आणि मी आर्किटेक्ट झाले. आमच्यामागे कोणी दंडुका घेऊन लागत नाही, कारण आमच्याकडे घर बांधून मागायला कोणी येत नाही.

आम्ही लंडनच्या वायव्येला एका जुन्या, शेजारच्या घराशी भिंत जोडलेल्या घरात राहतो. घरून काम करण्याचे दिवस वाढले आणि मुलगी मोठी झाली, तशी एक खोली वाढवायची वेळ आली. माणसं शोधायला लागल्यावर या शब्दाच्या कुलपाची गंमत कळली. एकजण स्वतःला ‘आर्किटेक्चरल डिझायनर’ म्हणवत होता, दुसरा ‘आर्किटेक्चरल कन्सल्टंट’. तिसऱ्या बाई मात्र साधं ‘आर्किटेक्ट’ लिहीत होत्या आणि नावापुढे चार अक्षरं : आर.आय.बी.ए. इथले लोक त्याचा एकच शब्द करून ‘रिबा’ म्हणतात. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्स. ब्रिटनमधल्या वास्तुविशारदांची ही व्यावसायिक संस्था. स्थापना १८३४ची, म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षं जुनी.

त्या बाई पहिल्या भेटीत वही-पेन्सिल न काढता दोन तास नुसत्या बोलत बसल्या. दिवसभरात कोण कुठे बसतं, ऊन कधी कुठल्या खोलीत येतं, आई-बाबा भारतातून आले की किती महिने राहतात. शेवटी म्हणाल्या, ‘तुम्हाला खोली हवी आहे की शांतता?’ त्यांचं म्हणणं असं की मागे बांधकाम काढण्यापेक्षा जिन्याखालची वाया जाणारी जागा आणि एक भिंत हलवली तर काम भागेल. म्हणजे खर्च निम्म्याहून कमी. आणि त्यांची फी खर्चाच्या टक्केवारीत असल्यामुळे तीही कमी! माझा नवरा त्या गेल्यावर म्हणाला, ‘स्वतःचं गिऱ्हाईक स्वतःच लहान करणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली.’

मला मात्र प्रश्न पडला की अशी सवय लागते कुठे? एखाद्या माणसाचा चांगुलपणा समजू शकतो. पण अख्ख्या व्यवसायाने अशी अपेक्षा ठेवायची तर त्यामागे कोणीतरी कधीतरी भांडलं असणार. म्हणून मी या संस्थेचा इतिहास वाचायला लागले आणि वाचतच गेले.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचं लंडन डोळ्यांपुढे आणा. शहर वेड्यासारखं वाढत होतं. बांधकामात बक्कळ पैसा होता. आणि ‘आर्किटेक्ट’ म्हणजे नक्की कोण, याचा पत्ता नव्हता. कंत्राटदार स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घ्यायचा, मोजणीदार म्हणवून घ्यायचा, सुतारकामातून वर आलेला माणूसही म्हणवून घ्यायचा. नकाशा काढणारा, मालाचा भाव ठरवणारा आणि बांधून देणारा कधी कधी एकच असायचा. मग मालकाच्या बाजूने बोलणार कोण? वीटवाला, लाकूडवाला, काचवाला यांच्याकडून ‘कट’ घेण्याची पद्धत होतीच. आपल्याकडच्या वाचकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

१८३४ मध्ये काही नामवंत वास्तुविशारद एकत्र आले. त्यांत फिलिप हार्डविक होते, जॉन पॅपवर्थ होते, आणि सगळ्यात खटपटे थॉमस लेव्हर्टन डोनाल्डसन. त्यांनी ‘इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्स’ स्थापन केली. अर्ल द ग्रे हे उमराव तिचे पहिले अध्यक्ष झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वेस्टमिन्स्टरचा जुना राजवाडा, म्हणजे तेव्हाचं पार्लमेंट, आगीत जळून गेलं आणि नवं पार्लमेंट कोणी आणि कसं बांधायचं याची चर्चा देशभर झाली. इमारत हा विषय एकदम सगळ्यांच्या तोंडी आला. १८३७ मध्ये राजे चौथे विल्यम यांच्याकडून संस्थेला सनद मिळाली. तिचं ब्रीदवाक्य लॅटिनमध्ये आहे. अर्थ साधारण असा : नागरिकांच्या उपयोगासाठी, नगरांच्या शोभेसाठी. क्रम बघा. उपयोग आधी, शोभा नंतर.

मला सगळ्यात आवडला तो त्यांचा सुरुवातीचा नियम. सभासदाचा बांधकामाच्या कुठल्याही व्यापारात किंवा कंत्राटात हितसंबंध असता कामा नये, आणि माल पुरवणाऱ्यांकडून किंवा कारागिरांकडून त्याने एक पैही घेता कामा नये. घेतली तर सभासदत्व गेलं. पैसे एकाकडूनच घ्यायचे, ज्याचं घर आहे त्याच्याकडून. आज हे वाचताना सोपं वाटतं. पण त्या काळात स्वतःहून उत्पन्नाचा एक मार्ग बंद करणं म्हणजे घरच्यांच्या शिव्या खाण्याचंच काम. आमच्या आर्किटेक्ट बाई ‘भिंत हलवा’ म्हणाल्या त्याचं मूळ मला त्या नियमात दिसलं.

नियम केला, पण माणूस जाणकार आहे की नाही हे कसं ओळखायचं? त्यासाठी परीक्षा आली. १८६३ मध्ये ऐच्छिक, आणि १८८२ पासून सभासदत्वासाठी सक्तीची. इथून मोठा वाद पेटला. डॉक्टर-वकिलांसारखी वास्तुविशारदांची कायद्याने नोंदणी व्हावी, असा एक पक्ष. दुसऱ्या पक्षात नॉर्मन शॉ, टी. जी. जॅक्सन यांच्यासारखी त्या काळातली मोठी नावं. त्यांचं म्हणणं, वास्तुकला ही कला आहे. परीक्षा घेऊन कलावंत तयार होत नाहीत. १८९२ मध्ये त्यांनी या विषयावर लेखांचं पुस्तकच काढलं आणि त्याच्या नावातच प्रश्न होता : वास्तुकला हा व्यवसाय की कला? गंमत म्हणजे संस्थेला विरोध करणारे हे लोक वाईट वास्तुविशारद नव्हते, उलट उत्तम होते. आमच्या क्षेत्रातला ‘चांगल्या प्रोग्रामरला प्रमाणपत्राची काय गरज?’ हा वाद मी कॅन्टीनमध्ये शंभर वेळा ऐकलाय. तो सव्वाशे वर्षं जुना आहे, हे तेव्हा माहीत नव्हतं.

शेवटी नोंदणीवाले जिंकले, पण चाळीस वर्षांनी आणि अर्धेच. १९३१च्या कायद्याने नोंदवही आली, १९३८च्या कायद्याने ‘आर्किटेक्ट’ शब्द राखीव झाला. काम मात्र राखीव झालं नाही. आज ती नोंदवही ‘आर्किटेक्ट्स रजिस्ट्रेशन बोर्ड’ सांभाळतं. इथे एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण इथली माणसंसुद्धा त्यात गोंधळतात. बोर्ड हे कायद्याने नेमलेलं; तिथे नाव असल्याशिवाय आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. ‘रिबा’ ही सभासदांची संस्था. तिथे जाणं ऐच्छिक आहे. पहिल्याकडे दंडुका आहे, दुसरीकडे परंपरा, शिक्षण आणि वजन. सभासदाने दरवर्षी ३५ तास नवं काही शिकायचं असतं. वास्तुकलेच्या कॉलेजांच्या अभ्यासक्रमांना संस्था मान्यता देते. पदवी, मग अनुभव, मग पुढचा अभ्यासक्रम, पुन्हा अनुभव आणि शेवटची परीक्षा, असे भाग एक, दोन, तीन पार करायला साधारण सात वर्षं लागतात. मी चार वर्षांत संगणक अभियंता झाले आणि पाचव्या वर्षी लोकांचे बँक व्यवहार चालवणाऱ्या प्रणालीत हात घालत होते.

या संस्थेने सगळ्यांसाठी दार उघडं ठेवलं होतं असं मात्र समजू नका. पहिली स्त्री सभासद एथेल चार्ल्स, १८९८ साली. त्याआधी लंडनमधल्या वास्तुकलेच्या एका प्रसिद्ध शाळेने तिला आणि तिच्या बहिणीला प्रवेश नाकारला होता. ‘रिबा’ची परीक्षा ती उत्तीर्ण झाली तरी सभासदत्वाच्या वेळी विरोध झालाच. दोन वर्षांनी बहीण बेसीही सभासद झाली. एथेलला मोठ्या इमारतींची कामं मिळत नव्हती, मग तिने मजुरांच्या लहान घरांवर काम केलं. आणि पहिली स्त्री अध्यक्ष कधी, तर २००९ मध्ये, रूथ रीड. १८३४ पासून मोजा. एकशे पंचाहत्तर वर्षं. आमच्या ऑफिसातल्या बैठकीत बारा पुरुषांसमोर एकटी बसते तेव्हा हा आकडा मला आठवतो.

ही गोष्ट इंग्लंडपुरतीच राहिली असती तर कदाचित मी हा लेख लिहिला नसता. पण तिचा एक धागा थेट मुंबईत जातो. १२ मे १९१७ रोजी सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून वास्तुकला शिकून बाहेर पडलेल्या मुलांनी एक संघटना काढली, ‘आर्किटेक्चरल स्टुडंट्स असोसिएशन’. पहिले अध्यक्ष जॉर्ज विटेट, मुंबई सरकारचे सल्लागार वास्तुविशारद. गेटवे ऑफ इंडिया आणि आज ज्याला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतो ती इमारत, ही त्यांचीच. १९२२ मध्ये संघटनेचं नाव ‘बॉम्बे आर्किटेक्चरल असोसिएशन’ झालं. १९२५ मध्ये ती ‘रिबा’ला संलग्न झाली. आणि १९२९ मध्ये १५८ सभासदांनिशी ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ म्हणून तिची नोंदणी झाली. आज आपल्याकडे आर्किटेक्टच्या नावापुढे ए.आय.आय.ए. किंवा एफ.आय.आय.ए. अशी अक्षरं दिसतात ती या संस्थेची.

त्या काळात मुंबईत शिकून लंडनला येणं आणि ‘रिबा’ची अक्षरं मिळवणं ही मोठी गोष्ट होती. गजानन बाबुराव म्हात्रे हे नाव किती जणांना माहीत आहे? मला नव्हतं. मरीन ड्राइव्हच्या कोपऱ्यावरची ‘सूना महल’, ओव्हल मैदानासमोरची ‘एम्प्रेस कोर्ट’ या त्यांच्या इमारती. गोलाई घेतलेले सज्जे, बोटीसारखा डौल. ते ‘रिबा’चे फेलो होते. २०१८ मध्ये युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात ओव्हल आणि मरीन ड्राइव्हचा हा भाग आहे. कॉलेजात असताना त्या रस्त्याने शेंगदाणे खात कितीदा गेले असेन. एका मराठी माणसाने काढलेल्या रेषांखालून जातोय, हे कोणी सांगितलं नव्हतं.

लंडनमध्ये ‘रिबा’ची इमारत आहे ६६, पोर्टलंड प्लेस. ऑक्सफर्ड सर्कसवरून बीबीसीच्या इमारतीला वळसा घालून चालत गेलं की दहा मिनिटांत येते. १९३४ मध्ये संस्थेच्या शताब्दीला राजे पंचम जॉर्ज यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. जॉर्ज ग्रे वॉर्नम यांनी खुल्या स्पर्धेत जिंकून ती बांधली. दाराशीच थबकायला होतं. दोन ब्राँझचे दरवाजे, प्रत्येक दीड टन वजनाचा, आणि त्यांवर थेम्स नदी आणि लंडनच्या इमारती कोरलेल्या. आतमध्ये एका दालनात पाइनच्या लाकडाचा कोरीव पडदा आहे, ‘डोमिनियन स्क्रीन’ नावाचा. साम्राज्यातल्या देशांची माणसं, प्राणी, झाडं, धंदे त्यावर कोरलेत. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका यांच्यासोबत हिंदुस्थानही आहे. काम सुरेख आहे. पण पाहताना मनात एक खडा टोचतोच. आपण तिथे लाकडात कोरलेली शोभा होतो. बोलणारे, ठरवणारे नव्हतो.

पण काळाचाही एक न्याय असतो. ही संस्था १८४८ पासून दरवर्षी ‘रॉयल गोल्ड मेडल’ देते. १९८४ मध्ये ते चार्ल्स कोरिया यांना मिळालं. नवी मुंबईची कल्पना मांडणाऱ्या तिघांपैकी ते एक; सोबत शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता. बेलापूरचं आर्टिस्ट्स व्हिलेज, पुण्याची ‘आयुका’, पणजीची कला अकादमी, पेडर रोडजवळची ‘कांचनजंगा’ ही त्यांची कामं. त्यांनी आपली हजारो आरेखनं ‘रिबा’च्या ग्रंथालयाला दिली आणि २०१३ मध्ये त्याच ६६, पोर्टलंड प्लेसमध्ये त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं. २०२२चं मेडल बाळकृष्ण दोशींना मिळालं. जन्म पुण्याचा, घरचा धंदा फर्निचरचा, शिक्षण जे. जे. चं. १९५० च्या सुमारास तेही लंडनला आले होते आणि इथूनच पुढे पॅरिसला ल कॉर्ब्युझिएच्या हाताखाली काम करायला गेले. १९५३ मध्ये ल कॉर्ब्युझिएला हे मेडल जाहीर झालं तेव्हा तरुण दोशी त्याच कचेरीत होते. जवळजवळ सत्तर वर्षांनी, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, त्यांना स्वतःला ते जाहीर झालं, आणि गुरूचा तो आनंद त्यांनी तेव्हा आठवणीने सांगितला.

मेडल, इमारत, इतिहास हे सगळं ठीक. रोजच्या कामात अशी संस्था काय करते? माझ्यासारख्या माणसाला सगळ्यात भावलेली गोष्ट म्हणजे ‘प्लॅन ऑफ वर्क’. १९६३ मध्ये ‘रिबा’ने बांधकामाच्या प्रवासाचे टप्पे ठरवून दिले. आज ते शून्य ते सात असे आठ आहेत. पहिल्याने गरज तपासायची, मग अपेक्षा लिहून काढायच्या, मग संकल्पना, मग सगळ्या अंगांचा मेळ, तांत्रिक आराखडा, बांधकाम, ताबा आणि शेवटी वापर. प्रत्येक टप्प्याला काय तयार व्हायला हवं, कोणी मान्य करायचं, पैसे किती द्यायचे, हे आधी ठरतं. मालक, आर्किटेक्ट, कंत्राटदार, स्ट्रक्चरल इंजिनिअर सगळे एकाच भाषेत बोलतात. ‘आपण टप्पा तीनवर आहोत’ म्हटलं की संपलं. आमच्या आर्किटेक्ट बाईंनी तो तक्ता दाखवला तेव्हा मी हसलेच. आम्ही सॉफ्टवेअरमध्ये दर तीन वर्षांनी नवी पद्धत शोधून तिच्या नावाने टी-शर्ट छापतो. यांची एक पद्धत साठ वर्षं सुधारत सुधारत टिकली आहे. आणि टप्पा शून्यचा पहिला प्रश्नच असा की मुळात बांधायची गरज आहे का? आमची भिंत त्याच टप्प्यात हलली.

दुसरं काम म्हणजे चांगलं काय ते दाखवणं. १९९६ पासून ‘स्टर्लिंग प्राइझ’ दिलं जातं. बहुतेकदा ते संग्रहालयं, विद्यापीठं, अशा दिमाखदार इमारतींना जातं. पण २०१९ मध्ये ते नॉरिच शहरातल्या गोल्डस्मिथ स्ट्रीटला मिळालं. कौन्सिलने भाड्याने देण्यासाठी बांधलेली शंभराहून थोडी जास्त घरं. साधी विटांची, पण गरम ठेवायला फार कमी इंधन लागेल अशी. ज्यांनी इथला हिवाळा आणि गॅसचं बिल एकदम पाहिलंय त्यांना त्याची किंमत कळेल.

आता दुसरी बाजू. संस्था असली म्हणजे सगळं आलबेल, असं नसतं. बराच काळ ‘रिबा’ सभासदांच्या फीचे दर ठरवून देत असे आणि त्याहून कमी घ्यायला मनाई होती. सरकारच्या मक्तेदारी आयोगाने त्यावर आक्षेप घेतला आणि तो सक्तीचा दर गेला. दर्जा राखणं आणि आपल्याच लोकांची भाकरी राखणं, यांतली सीमारेषा कुठल्याही व्यावसायिक संघटनेत पुसट असते.

आणि मग १४ जून २०१७. पश्चिम लंडनमधला ग्रेनफेल टॉवर जळाला. चोवीस मजले, ७२ मृत्यू. आम्ही तेव्हा नुकतेच इथे आलो होतो. सकाळी ट्रेनमध्ये कोणी कोणाशी बोलत नव्हतं. वर्षभरापूर्वीच त्या इमारतीचं नूतनीकरण पूर्ण झालं होतं आणि बाहेरून लावलेलं आवरण पेटणारं होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये चौकशीचा अंतिम अहवाल आला. उत्पादक, कंत्राटदार, कौन्सिल, सरकार, कोणाचीच त्यातून सुटका झाली नाही. नूतनीकरणाच्या आर्किटेक्ट कंपनीवरही या दुर्घटनेची फार मोठी जबाबदारी येते, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. सात वर्षांचं शिक्षण, परीक्षा, नोंदवही, ब्रीदवाक्य हे सगळं असूनसुद्धा.

मग संस्थेचा उपयोग काय, असं कोणी विचारेल. मला वाटतं, उपयोग त्यानंतर दिसतो. ‘रिबा’ने आगीच्या सुरक्षेवर तज्ज्ञांचा गट नेमला. उंच निवासी इमारतींना पाण्याचे फवारे हवेत, पेटणारं आवरण बंद हवं, दुसरा जिना हवा, अशा मागण्या लावून धरल्या. २०२३ मध्ये सरकारने इंग्लंडमध्ये १८ मीटरहून उंच नव्या निवासी इमारतींना दुसरा जिना सक्तीचा करण्याचा निर्णय जाहीर केला. त्याआधी २०२२च्या इमारत सुरक्षा कायद्याने आर्किटेक्टचं ज्ञान अद्ययावत आहे की नाही हे तपासण्याचा अधिकार नोंदणी बोर्डाला मिळाला. ७२ माणसं परत येत नाहीत. पण चूक कुठे झाली, ती कोणी करायला नको होती, आणि यापुढे काय शिकवायचं, हे विचारायला एक पत्ता असतो.

हे वाचताना मला सारखा पोस्ट ऑफिसचा घोटाळा आठवत होता. ‘होरायझन’ नावाच्या संगणक प्रणालीत हिशेब चुकीचे दिसत राहिले आणि पोस्टाची छोटी केंद्रं चालवणाऱ्या नऊशेहून अधिक लोकांना चोरी, अफरातफर अशा गुन्ह्यांसाठी दोषी ठरवलं गेलं. काही तुरुंगात गेले, काही दिवाळखोर झाले, काहींनी जीव दिला. त्यांत आपले भारतीय वंशाचे दुकानदारही होते. ते सॉफ्टवेअर माझ्यासारख्याच कोणीतरी लिहिलं, तपासलं आणि ‘ठीक आहे’ म्हणून पुढे पाठवलं. आमचीही एक सनदी संस्था इथे आहे, ब्रिटिश कॉम्प्युटर सोसायटी, १९५७ची. पण तिचे सभासद नसल्यामुळे कोणाचं काही अडत नाही. माझ्या टीममधल्या कोणाच्याही नावापुढे तिची अक्षरं नाहीत. आमच्या कामावर लोकांची पेन्शन, औषधं, अब्रू अवलंबून आहे, आणि आम्ही कोणाला बांधील आहोत, तर तिमाहीच्या उद्दिष्टांना.

याच सुमारास डोंबिवलीहून बाबांचा फोन आला. त्यांच्या सोसायटीचा पुनर्विकास ठरत होता. ‘अगं, एक चांगलं झालं,’ बाबा म्हणाले, ‘बिल्डर म्हणतोय, आर्किटेक्ट मीच देतो. सोसायटीचा तेवढा खर्च वाचला.’

मी म्हटलं, ‘बाबा, बिल्डरने दिलेला आर्किटेक्ट कोणाचं ऐकेल?’

‘म्हणजे?’

मी त्यांना १८३४चा तो नियम सांगितला. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, ‘इंग्रजांच्या त्या नियमाचं इथे डोंबिवलीत काय घेऊन बसलीस?’

पण बाबा निवृत्त बँक कर्मचारी. गहाणखताचं मूल्यांकन कर्ज मागणाऱ्याच्या माणसाकडून करून घेत नाहीत, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. दुसऱ्या दिवशी स्वतःच फोन करून म्हणाले, ‘विचार केला मी. आपला माणूस आपणच नेमला पाहिजे.’ महाराष्ट्रात पुनर्विकासासाठी सहकार कायद्याच्या ‘७९ अ’ची मार्गदर्शक सूचना आहे, तिच्यातही सोसायटीने स्वतःचा आर्किटेक्ट किंवा प्रकल्प सल्लागार नेमण्याची पद्धत सांगितली आहे. परदेशात राहून ज्यांचे आई-वडील अशा सोसायट्यांमध्ये आहेत, त्यांनी एवढं जरूर बघावं. भारतात १९७२चा वास्तुविशारद कायदा आहे आणि ‘कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर’ नोंदवही ठेवते. प्रत्येक आर्किटेक्टचा नोंदणी क्रमांक असतो, ‘सीए’ने सुरू होणारा, त्यात नोंदणीचं वर्ष असतं. तो मागायला लाजू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय की तिथेही इंग्लंडसारखंच आहे : कायदा ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी राखतो, काम राखत नाही. म्हणजे बघण्याची जबाबदारी आपली. आणि नोंदणी आहे म्हटल्यावरही विचारायचं, तुमची फी कोण देणार?

बाबांच्या सोसायटीत यावर दोन बैठका गाजल्या. ‘परदेशात बसून मुलं शहाणपण शिकवतात’ असंही कोणी बोललं. शेवटी सोसायटीने वर्गणी काढून स्वतंत्र आर्किटेक्ट नेमला. बिल्डरच्या आराखड्यात जिना अरुंद होता आणि गाड्यांच्या जागा कागदावरच होत्या, हे त्याने पहिल्याच आठवड्यात दाखवलं. बोलणी अजून चालू आहेत. घर अजून रिकामं केलेलं नाही. आई म्हणते, तिच्या तुळशीला ऊन मिळेल अशी गॅलरी मिळाली म्हणजे बास. माझ्या हिशेबाने तो टप्पा एक आहे, अपेक्षा लिहून काढण्याचा.

शेवटी एक अलीकडची गोष्ट. २०२२ मध्ये ‘रिबा’च्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. नेहमी तिथे स्वतःची मोठी कचेरी असलेले बुजुर्ग निवडून येत. या वेळी पगारावर काम करणाऱ्या तरुण आर्किटेक्टांनी ठरवलं की आपल्यातलाच उमेदवार द्यायचा. जादा तासांचे पैसे मिळत नाहीत, शिक्षण महाग, पगार तुटपुंजा, हे त्यांचे प्रश्न. त्यांचा उमेदवार मुयीवा ओकी, वय एकतीस. तो निवडून आला. संस्थेचा आजवरचा सगळ्यात तरुण आणि पहिला कृष्णवर्णीय अध्यक्ष. ज्या इमारतीत साम्राज्यातली माणसं लाकडात कोरून लावली होती, त्या इमारतीत २०२३ पासून दोन वर्षं तो अध्यक्ष होता.

त्याच्या कार्यकाळात सगळे प्रश्न सुटले असं नाही. तरुणांना अजूनही जादा तास बसावं लागतं, हे आमच्या आर्किटेक्ट बाईंच्या मदतनीस मुलाकडूनच कळलं. पण तक्रार घेऊन जायला जागा आहे, आणि मत द्यायला कागद आहे. गेल्या महिन्यात मी ब्रिटिश कॉम्प्युटर सोसायटीचा अर्ज भरला. टीममधल्या एका मुलाने विचारलं, ‘याने पगार वाढतो का?’ मी म्हटलं, नाही. ‘मग मिळतं काय?’ मी त्याला ग्रेनफेल आणि होरायझन दोन्ही सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘लिंक पाठव.’